सगळ्यांचं मशीन

ही वही कोणी उघडलीच तर माझ्या वाकड्या अक्षराला आणि चुकांना हसू नये, मी चौथीच शिकले. आज शेजारून उडदाच्या पिठाचा आणि हिंगाचा वास आला आणि आमच्या पापडाच्या गटाचं पीठ मळायचं मशीन आठवलं. पनवेलला आम्ही बायकांनी कर्ज काढून ते घेतलं, पण ठेवायचं कुणाच्या घरी? एक म्हणाली, "सगळ्या सारख्या, पाळीपाळीने फिरवू." दुसरी म्हणाली, "जी जास्त लाटते तिच्याकडे ठेवा." सगळ्यात जास्त मी लाटायची, मला वाटलं, आता माझ्याकडेच येणार. पण लाटताना ओव्या म्हणणारी मावशी गटातल्या एका पोरीकडे बोट दाखवून म्हणाली, "नाय गं, जिला गरज हाय तिला द्या. हिचा नवरा सोडून गेला, तान्हं पोर टाकून ही दुसऱ्याच्या घरी मळायला येनार कशी?" गट चालवणाऱ्या बाई हसल्या, "समाजवादी जगभर यावरच भांडतात, तुम्ही तरी वेगळं काय करताय!" हात वर झाले, लाजेने माझाही झाला. मशीन त्या तान्ह्याच्या आईकडे गेलं. तिने मशीनला आपल्या साडीचं हिरव्या किनारीचं झाकण शिवलं, दसऱ्याला झेंडूही वाहिला. आम्ही शेवटचा हप्ता भरून आलो, तेव्हा ती मला म्हणाली, "आज बटन तू दाब गं, तुझंबी हाय ना." माझ्याच मशीनला हात लावायला परवानगी तिने द्यावी! मी बटण दाबलं, पण ती हिरवी किनार आजही डोळ्यांत खुपते. कर्ज मात्र त्याच दिवशी पुरं फिटलं.