पूजेतला योक

ट्रकचा शाफ्ट पुढच्या टोकाला निसटून अक्कलकोट रोडमध्ये खुंटासारखा रुतला, ट्रकचा मागचा भाग वर उचलला गेला आणि मागे पोत्यांवर बसलेल्या माझ्या सासूबाई हवेत गेल्या.

हे मी पाहिलं नाही. मी पुढे केबिनमध्ये आमच्या मालकांच्या (म्हणजे नवऱ्याच्या) शेजारी होते आणि माझं कपाळ काचेवर आपटलं होतं. ट्रक धाडकन खाली आला, फरफटत थांबला. मालकांनी स्टिअरिंग सोडलंच नाही. नुसतं म्हणाले, "आई?"

मागून उत्तर आलं नाही. लग्न झाल्यापासून माझं एकही वाक्य जिने उत्तर दिल्यावाचून सोडलं नव्हतं ती बाई गप्प! ती मेली असेल तर तिला मारणारी मीच होते.

कसं ते सांगते. दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. आमचा ट्रक सोलापुरातून चादरींचे गठ्ठे न्यायचा. त्याच्या गिअरबॉक्सचे दाते गेले तेव्हा मालकांनी भंगारातून दुसरा आणला आणि हमीद मिस्त्रींनी भवानी पेठेत आमच्या दारातच काम काढलं. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला दोन शिंगांचा लोखंडी तुकडा असतो, त्याला योक म्हणतात. त्या शिंगांत फुलीसारखा तुकडा, म्हणजे क्रॉस, बसतो, क्रॉसला शाफ्ट लागतो आणि शाफ्ट फिरला की मागची चाकं फिरतात. (हे मला आज पाठ आहे. त्या दिवशी ठाऊक असतं तर बरं झालं असतं.)

त्या दिवशी नेमकी खंडेनवमी होती. घरातली हत्यारं धुवून पुजायची आणि दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी पहाटेच जॅक, पाने, हातोडा घासून पाटावर मांडले. जुन्या गिअरबॉक्सचा योक मिस्त्रींनी आदल्या दिवशीच काढून ओट्यावर ठेवला होता. घासल्यावर तो सगळ्यांत जास्त चमकला, म्हणून त्याला मी मधोमध बसवला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूलही घातलं. मिस्त्री स्वतःची हत्यारं घेऊन आले, तोवर सगळं होऊन गेलं होतं.

दुपारी ते गाडीखालून बाहेर आले. भंगारातल्या गिअरबॉक्सचा योक मोठा निघाला होता, आमच्या शाफ्टचा क्रॉस त्यात सैल बसत होता. जुना योक नव्या गिअरबॉक्सला चढवला की काम झालं, असं ते म्हणाले आणि पाटाकडे हात नेला. मी आडवी आले.

"पूजेतलं लोखंड हलवायचं न्हाय."

"वैनी, मग ट्रक बी लोखंडच हाय की."

"ट्रकची पूजा उद्या हाय. त्याला अजून कुंकू लागलं न्हाय."

मिस्त्रींनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी चपलांकडे पाहिलं. सासूबाईंना दसऱ्याला भावाच्या गावी पोचायचंच होतं आणि त्या सकाळपासून बोचकं बांधून बसल्या होत्या. मग युक्तीही मीच काढली. वनस्पती तुपाचा रिकामा डबा दिला, त्याच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून सैल जागेत ठोकून घ्यायला लावल्या. मिस्त्रींनी ठोकल्या, पण तीनदा बजावलं की बैलगाडीसारखं जा आणि तसंच परत या. सासूबाईंना केबिनमध्ये इंजिनाची धग लागेल असं पटवून मागे बसवलं तेही मी. खरं म्हणजे गावापर्यंत त्यांचं बोलणं ऐकायचं नव्हतं.

सात रस्त्याच्या चौकापर्यंत मालकांनी बैलगाडी हाकली. पुढे रस्ता मोकळा दिसला आणि ते विसरले. आधी डब्याच्या पट्ट्या निसटल्या, मग शाफ्ट.

आता आम्ही दोघं खाली उतरलो. मागे पोती होती, सासूबाई नव्हत्या. एक चप्पल डांबरावर पडली होती. मालक ट्रकभोवती फिरायला लागले, जणू आई चाकाआड लपली होती. मी ती चप्पल उचलली. रस्त्याच्या कडेला मेंढरं बिथरून पांगली होती आणि मधे घोंगडीवाला धनगर उभा होता.

"म्हातारी कुणाची हाय ही?" त्यानं विचारलं.

मालक अजून चाकाखालीच वाकून बघत होते.

"माझी," मी म्हणाले. सासूबाईंना मी माझी म्हटलं ते त्या एकाच वेळी.

त्या एका मेंढीच्या अंगावर पडल्या होत्या. लोकर अंगाखाली आली म्हणून डोकं फुटलं नाही. डोळे उघडे होते, उजवा हात भलत्याच बाजूला वळला होता. मी उचलायला वाकले.

"हात लावू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "मलाबी हळदकुंकू वाहा आन् ठिव हितंच. दसऱ्यापातुर हलवू नगंस."

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. त्यांना वाटलं हसते आहे. हे त्यांनी पुढे भावकीत सगळ्यांना सांगितलं.

दसरा आम्ही सरकारी दवाखान्यात केला. हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे दीड महिना त्यांची वेणी मी घातली आणि रोज तिरपी झाली असं ऐकून घेतलं. पूजेतला योक मालकांनी मला न विचारता उचलून मिस्त्रींना दिला. मी विचारलंही नाही.

धनगराची एक मेंढी मात्र दगावली होती. सासूबाईंना रस्त्यानं जाणाऱ्या एका टेम्पोत घातल्यावर तो मेंढीजवळ उकिडवा बसला. "लई हट्टी हुती," म्हणाला. "सगळी पळाली, ही जाग्यावरनं हलली न्हाय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं.

सासूबाई वाचल्या, मालक वाचले, मी वाचले. हट्टी होतो आम्ही दोघी, मेली ती मेंढी.