ओठांवरची कबड्डी

नवागाममध्ये माझं शिवणकामाचं दुकान होतं आणि रस्त्यापलीकडे चहाची लारी, म्हणजे हातगाडी. नव्वदनंतरची ती वर्षं. लूमवरची, म्हणजे यंत्रमागावरची पाळी सुटली की रुंद खांद्यांचा एक माणूस रोज तिथे यायचा. चहा मागताना आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचा. लारीवाल्याला बरोबर कळायचं. लूमच्या खडखडाटात कुणाचंच काही ऐकू येत नाही, म्हणून कामासाठी इथे आलेली ही खानदेशी मंडळी ओठांवरूनच बोलायला शिकलेली.

रविवारी त्याचे जुने सोबती जमायचे. कधीकाळी या सगळ्यांचा कबड्डीचा संघ होता. आता गुडघे गेलेले, पोटं सुटलेली, पण बाकड्यावर बसायचे ते मैदानातल्या आपापल्या जागेप्रमाणे. तो डाव्या कोपऱ्यात.

एकदा मी विचारलं, "कधी बाहेर खेळलात की नाही?"

"एकदाच. भेस्तानले सामन्याले गेलो व्हतो," तो म्हणाला. "मी चढाई केली, तीन गडी मारले, अन् पंचानं मलेच बाद केलं. म्हणे, तू कबड्डी कबड्डी म्हटलंच नाही."

सगळं बाकडं हसायला लागलं. तोही हसला.

"सवयच तशी पडेल व्हती. पण आमले तर ऐकू येत व्हतं, भाऊ."

पुढे ती हरल्याची गोष्ट ते दर रविवारी रंगवून सांगायचे, आवाज न करता. मी दुकानात बसून ऐकायचो. मध्ये रस्ता, माझं शिलाई मशीन चालू, तरी एक शब्द चुकत नसे.