भावाच्या नावाची घागर

अक्षय तृतीयेला माहेरी सैपाकाला मीच जाते. अकोल्याहून अमरावतीला, पहिल्या गाडीनं, कारण दहानंतर त्या उन्हात एसटी म्हणजे नुसती भट्टी. माय पंच्याहत्तरीची आहे, पण तिला सैपाकाला बाई चालत नाही, विकतचं पुरण चालत नाही, मिक्सरही चालत नाही. पितरांचं जेवण घरच्या हातचं पाहिजे, बस. मी दरवर्षी कटकट करते आणि दरवर्षी मुकाट्यानं पाट्यावर डाळ वाटते.

आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याच्या घागरी भरतात. वर आंबा ठेवतात. मग निखाऱ्यावर तूप सोडायचं, एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याला आवडायचं त्याचा घास त्या निखाऱ्यावर टाकायचा. आजोबांना कढीतले वडे, आजीला चिंचवणी. म्हणून माय त्या दिवशी काय काय रांधते त्यावरून कळतं, ती कोणाकोणाला गेलेल्यांत मोजते.

माझ्या धाकट्या भावाला ती मोजत नव्हती.

तो अकोटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. बारा वर्षांपूर्वी घरची दिवाळी करून निघाला. मायनंच त्याला अकोटच्या गाडीत बसवून दिलं, आणि तो तिथं पोचलाच नाही. पोलीस झाले, फोटो वाटून झाले, रिद्धपूरला नवस झाला, ज्यानं जे सांगितलं ते केलं. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. त्याला पाटोडी, म्हणजे रश्शातल्या बेसनाच्या वड्या, जीव की प्राण. माय एरवी पाटोडी करायची, त्याच्या वाढदिवसाला तर गंजभर करून शेजारी वाटायची. अक्षय तृतीयेला मात्र बेसनाच्या डब्याला हात लावायची नाही.

बाबांना हे पटत नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू. माणसाला किती वर्षं असं लटकवून ठेवायचं? मी तिला तोंडावर सांगायची, माय, भर आता त्याची घागर, त्याचाही जीव सुटेल आणि तुझाही. ती दोन-दोन महिने माझ्याशी बोलायची नाही. मी पण एक नंबरची हट्टी, पुढच्या वर्षी पुन्हा तेच काढायची.

यंदा पोचले तेव्हा बाबा नळाखाली घागरी धूत बसले होते. चार असायच्या, त्या दिवशी पाच होत्या. मी पिशवी ठेवली तोच माय आतून म्हणाली, बेसन चाळून दे.

काय झालं ते बाबांनी हळू आवाजात सांगितलं. आदल्या दिवशी जेवताना ते तिला एवढंच म्हणाले होते, "जिता असन तं पाणी त्याले कोठीबी भेटन. पण मेला असन, तं बारा वर्सांपासून तहानलेला आहे आपला पोरगा." सकाळी उठून पाचवी घागर तिनंच माळ्यावरून काढायला लावली.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. बारा वर्षं मीच तर डोकं खात होते तिचं. पण बेसन चाळताना मला तिचा राग आला. एवढी वर्षं कोणाचं ऐकलं नाहीस ना बाई, मग आताच का ऐकलंस?

पुरण झालं, वडे झाले, कुरडया तळून झाल्या. पाटोडी तिनं शेवटी घेतली. फोडणीत पाणी उकळलं, एका हातानं बेसन सोडत दुसऱ्यानं घोटत राहिली. मी घोटते म्हटलं तर माझा हात ढकलला. एक गुठळी होऊ दिली नाही. ताटाला तेलाचा हात लावून थापलं, सुरीनं वड्या पाडल्या. कांदा-लसूण त्या दिवशी चालत नाही, म्हणून खोबरं-खसखशीचाच रस्सा. त्याला उकळी आली तशी ती नेहमीच्या सवयीनं म्हणाली, "मीठ पाय बरं, त्याले अळणी नाही चालत."

मी पळीतून थेंब तळहातावर घेतलासुद्धा. मग दोघींच्याही एकदमच ध्यानात आलं. पितरांचा सैपाक चाखत नाहीत. चाखतात ते जित्या माणसासाठी केलेलं. तिनं पदरानं माझा तळहात पुसला, चांगला खसाखसा पुसला, आणि पुन्हा शेगडीकडे वळली.

दुपारी बाबांनी निखारे मांडले. आजोबांचं नाव झालं, आजीचं झालं, दोन्ही काकांचं झालं. नाव घ्यायचं काम बाबांचं. पाचव्या घागरीपाशी ते तूप सोडायला वाकले आणि तसेच बसून राहिले. खांदे हलत होते. कूलर बंद होता, घामानं सगळे भिजलो होतो, निखाऱ्यांवर राख चढत होती. मायनं पाटोडीची वडी उचलली. ती तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं.

"तू घे नाव. माह्या तोंडातून नाही निंगत."

मी घेतलं. शाळेच्या हजेरीत असायचं तसं पूर्ण घेतलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट. मायनं वडी निखाऱ्यावर ठेवली. ती चरचरली, कडेनं काळी पडली, बेसन जळाल्याचा वास घरभर झाला. बाबांनी भोवती पाणी फिरवलं.

मग मी ताटं वाढली. बाबा दोन घास जेवले. माय ताटापुढे बसून राहिली. मी म्हटलं, माय, तुझ्याच म्हणण्यावरून झालं ना सगळं, आता दोन घास तरी खा. तिनं ताट हळूच माझ्याकडे सरकवलं.

"मी तं माय आहे, मी थकली होती," ती म्हणाली. "तू कावून घेतलं त्याचं नाव?"