सोबत : देवीच्या संमतीचा दाखला

दिलेला शब्द पाळणारी माणसं मी आयुष्यात तीन-चार तरी पाहिली आहेत. न पाळणारं एक तर रोज दाढी करताना पाहतो. पण दुसऱ्यानं दिलेला शब्द, आणि तोही आपण सहा वर्षांचे आणि तापानं बेशुद्ध असताना दिलेला, पन्नासहून जास्त वर्षं आपल्या अंगावर वागवणारा माणूस साऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात मला एकच भेटला. तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला, हे माझं भाग्य म्हणायचं की परीक्षा, याचा निकाल अजून लागलेला नाही.

मामांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, जांभ्याच्या खाणीतून एक चिरा उभाच्या उभा चालत आला. तशीच रुंदी, तसाच तांबूस रंग, आणि लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे वण तोंडभर असे, की जांभ्याची भोकंसुद्धा जागच्या जागी. खाडीपलीकडच्या गावात त्यांची हापूसची बाग. आंब्याची पेटी न उघडता नुसती नाकाशी धरत आणि आतला आंबा कुठल्या वारी खायला होईल ते सांगत. सांगितलेल्या वाराच्या आदल्या दिवशी पेटी उघडून आंबट तोंड करून बसणारा दर मे महिन्यात मीच असे. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की त्या बोलण्याला ते स्वतःच बांधलेले. राजापूरच्या एसटीत भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थाला त्यांनी एकदा सांगितलं, मंगळवारी स्टँडवर भेटतो, तुम्हाला कलमं दाखवायला नेतो. मंगळवारी ते गृहस्थ आले नाहीत. मामा पुढच्या मंगळवारी गेले. त्याच्या पुढच्याही गेले. कुठला मंगळवार ते आपण बोललोच नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. सहाव्या मंगळवारी ते गृहस्थ भलत्याच कामासाठी स्टँडवर उतरले आणि समोर मामा. मामांनी फक्त गाडीला उशीर झाला काय, असं विचारलं आणि त्यांना बागेत घेऊन गेले.

देवीला विचारल्यावाचून मामा काही करत नसत. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओलं करून एकेक फूल चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवं फूल पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. विहिरीवर पंप बसवायचा तर मामांचा कौल, नवीन कलमं लावायची तर कौल. भाचीचं माझ्याशी जमवायचं तेव्हाही त्यांनी तो लावला होता. एरवी पाच-दहा मिनिटांत बोलणारी देवी माझं स्थळ ऐकून दीड तास गप्प होती. शेवटी उजवं फूल पडलं, पण ते सुकून पडलं, असं माझी बायको आजही चारचौघांत सांगते.

पण मामांची खरी ख्याती होती ती सुईबाबत. ते सहा वर्षांचे असताना गावात देवीची साथ आली आणि त्यात ते सापडले. आठ दिवस डोळे उघडले नाहीत. नवव्या दिवशी त्यांच्या आईनं देवळात जाऊन पदर पसरला आणि शब्द दिला, की हे पोर तू ठेवलंस तर त्याच्या आणि त्याच्या पोटच्या पोरांच्या अंगाला मी कुणाची सुई लागू देणार नाही, यांचं काय ते तूच बघायचं. पोर उठलं. पुढे दोन वर्षांनी ती माउली विषमज्वरानं गेली. शब्द तेवढा मामांकडे राहिला. तो त्यांनी असा पाळला, की अक्कलदाढ काढायची वेळ आली तेव्हा दातांच्या तरुण डॉक्टरला त्यांनी इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं. ओढताना डॉक्टरचा हात कापायला लागला. तेव्हा मामांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि उघड्या तोंडानं जमेल तसं सांगितलं, "घाबरू नका, मी हाय." दाढ निघाल्यावर पाण्याचा पेला त्यांनी आधी डॉक्टरपुढे केला. मी तिथे सोबतीला म्हणून गेलो होतो. मला बाहेरच्या बाकावर आडवं करून कांदा हुंगवावा लागला, हे सांगायला हरकत नाही.

यावरून मामा औषधांच्या विरुद्ध होते असं कुणी समजू नये. गोळ्या घेत, काढे घेत, आणि पोलिओच्या रविवारी तर सगळ्यांच्या आधी केंद्रावर हजर. डोसांची पेटी खांद्यावर घेऊन खाडीच्या काठाकाठानं चालत, झोपलेली पोरं उठवून त्यांच्या तोंडात थेंब पाडून घेत. थेंबांना सुई नसते. शब्द सुईचा होता, त्यात मामांनी आपल्या मर्जीनं काही वाढवलं नाही आणि कमीही केलं नाही.

मामांना लग्नानंतर तेरा वर्षांनी मुलगी झाली, वैजू. ती सहा वर्षांची झाली ते साल अठ्ठ्याण्णव. तिनं आमच्याकडे रत्नागिरीला राहून मी कारकून असलेल्या शाळेत पहिलीत जायचं ठरलं. त्यासाठीही कौल झाला होता, उजवा. पण आदल्या वर्षी आमच्या शाळेतलं एक पोर घटसर्पानं मरता मरता वाचलं होतं. तेव्हापासून लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम मुख्याध्यापिकाबाईंनी केला होता. वैजूच्या दंडावर जन्मापासून टाचणीसुद्धा टेकलेली नव्हती. बायकोनं मला बजावलं, की एवढी वर्षं शाळेत बसून नुसत्या फायली चाळता, मामासाठी एक सूट तेवढी मिळवून द्या.

आता अर्ज लिहिणं हा माझा प्रांत. माझ्या अर्जांनी बदल्या रद्द झाल्या आहेत, फीच्या नादाऱ्या मंजूर झाल्या आहेत. एकदा तर एका शिक्षकाला न मागितलेली रजा मिळाली आहे. मी रविवारी दार लावून बसलो आणि फुलस्केपभर अर्ज उतरवला. घराण्याची श्रद्धा, मातेचं वचन, ग्रामदेवतेचा कोप, सगळं घातलं. लसीतून सूट मागण्याचा नमुना कुठे नव्हता म्हणून कवायतीतून सूट मागण्याचा घेतला. त्यामुळे 'सबब, पाल्यास धार्मिक कारणास्तव लस टोचून घेण्यापासून कायमची रजा मिळावी' असा झोकदार शेवट झाला. खाली मामांनी सही केली. एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण अर्जाच्या तळाशी 'सोबत' असं लिहून काहीतरी जोडल्याशिवाय मला अर्ज उघडा वाटतो. पंचवीस वर्षांची हाताची सवय. मी लिहून टाकलं : 'सोबत : देवीच्या संमतीचा दाखला.'

बाई मूळच्या कोल्हापूरच्या. त्यांनी अर्ज शेवटपासून वाचायला सुरुवात केली. मग मामांकडे बघून शांतपणे विचारलं, की दाखला कुठाय. मी खोकलो. मामांनी माझ्याकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मामा, तुमच्या देवीवर माझा राग नाही. पण वर्गात चाळीस पोरं बसत्यात, त्यांच्या आयांना मी काय सांगू? तुम्ही लिहून दिलंय ना, देवीची संमती हाय म्हणून? मग ती आणा. नाहीतर कार्ड आणा. आठ दिवस देते."

बाईंनी आमची बोळवण केली हे मला कळलं. मामांना ते तसं वाटलंच नाही. आम्ही एसटीनं गावाकडे निघालो. खाडी ओलांडायला होडीत बसलो, तेव्हा मी कबुली द्यायला सुरुवात केली, की मामा, चुकलं, ते दाखल्याचं मी आपलं सवयीनं लिहिलं.

"नाय जावईबापू, बरोबर लिहिलंत," मामा पाण्याकडे बघत म्हणाले. "पंपाचं विचारलं, कलमांचं विचारलं, तुमचं सुद्धा विचारलं. आणि हें विचारायचं राहिलं. आयशीनं शब्द दिलान. पण देवीनं तो घेतलान की नाय, हें कोणी विचारलंन?"

होडीवाल्यानं वल्हं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या एका फालतू ओळीनं या माणसाच्या पंचेचाळीस वर्षांखालचा दगड हलवला होता, आणि मी मघापासून बाईंना काय थाप मारावी याचा विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी, वैजूला सुई टोचू द्यावी की नाही हे विचारायला देवळात कौल लावला. वैजू मामीच्या मांडीवर बसून शेंगदाणे खात होती. मामांचा चेहरा मात्र मी तसा कधी पाहिला नव्हता. डावं पडलं तर पोरीची शाळा गेली, आणि घटसर्प काही शाळेपुरताच नसतो, हे पोलिओची पेटी वाहणाऱ्या माणसाला सांगायला नको होतं. उजवं पडलं तर आईचा शब्द मोडला. अशा वेळी गप्प राहायचं सोडून मी खिशातून कागद काढला. देवीला घालायचा प्रश्नही मी लिहून आणला होता, पाच कलमांत, 'अथवा' आणि 'परंतु'सकट. गुरवानं तो मान राखून मोठ्यानं वाचला. दोन्ही फुलं जागच्या जागी. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. गुरवानं कागदाची घडी करून माझ्या हातात परत ठेवली आणि म्हणाला, "भावोजी, हें कोर्टात द्या. देवीला कळलं पायजे माणूस काय विचारतो तें."

मग मामा स्वतः पुढे झाले. हात जोडले आणि शेजारणीशी बोलावं तसं बोलले.

"आये, माझ्या आयशीनं तुला शब्द दिलान. मी पाळला. माझ्या पोरीनं पण पाळायला पायजे काय? तिला मोकळी करत असशील तर उजवं दे."

'दे' हा शब्द पुरता तोंडाबाहेर पडायच्या आत उजवं फूल पडलं.

मी जवळजवळ टाळीच वाजवली. मामीनं वैजूला छातीशी धरलं. गुरवानं नारळ वाढवला. मामांनी फूल उचललं, डोळ्यांना लावलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी शेजारी बसून म्हटलं, सुटलात मामा, पोर शाळेत जाईल. त्यांनी मान हलवली. मग खिशातलं फूल चाचपत म्हणाले, "एवढ्या पटकन दिलंन." मला वाटलं, आनंद त्यांना झेपत नाही.

त्याच आठवड्यात वैजूला आरोग्य केंद्रात नेलं. नर्सबाईंनी मुलीला धरायला सांगितलं तेव्हा मामांनी तिला मांडीवर घेतलं. तिच्या दंडाभोवती त्यांचा तो एवढा मोठा पंजा, आणि सुई जाईपर्यंत डोळे उघडे. वैजू रडली नाही. उतरून 'बाबा, एवढंच होतं?' असं विचारून ती नर्सबाईंच्या टेबलावरचा कापूस बघायला गेली. मामा तसेच बसून राहिले, मांडी रिकामी होऊनही. कार्ड बाईंकडे गेलं आणि माझ्या अर्जावर त्यांनी तांबड्या शाईनं 'निकाली' असा शेरा मारला.

यालाही आता आठेक वर्षं झाली. वैजू मोठी झाली, हट्टी झाली, आणि बापाला चालताना धाप लागते हे तिनंच हेरलं. तिच्या हट्टापायी मी मामांना रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. साखर बघावी लागेल, बोटातून थेंबभर रक्त घेतो, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी हात मागे घेतला. उद्धटपणे नाही, एखाद्याची वस्तू सांभाळताना माणूस घेईल तसा. मी त्यांना बाहेर व्हरांड्यात आणलं आणि समजावलं, की आता ते बंधन राहिलं नाही, देवीनं स्वतः मोकळं केलं, फूल माझ्यादेखत पडलं.

"मी पोरीपुरतंच विचारलं होतं," मामा म्हणाले. "माझं कुठे विचारलं?"

मग आता विचारू या की, मी म्हटलं. उद्याच जाऊ, मी एक अक्षर लिहून आणणार नाही, तुम्हीच विचारा. तुम्हाला पण ती मोकळं करील.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वणांच्या चेहऱ्यावर मी कधी लाजल्यासारखं काही पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं.

"तेंच तर जावईबापू. विचारलं, आणि तिनं हो म्हटलंन तर?"

मामांच्या आईचा घरात फोटो नाही. त्या काळी कोण काढणार? तिच्या बांगड्या वाटणीत थोरल्या भावाच्या घरी गेल्या, लुगडी कुणाकुणाच्या गोधड्यांत गेली. तिचा चेहरा नीट आठवत नाही, असं मामा एकदा सहज बोलून गेले होते. आठ वर्षांच्या मुलासाठी ती मागे ठेवून गेली ती एवढी एकच गोष्ट, आणि मी ती सोडवून टाकायला निघालो होतो.

डॉक्टरांनी आतून पुन्हा हाक मारली. मामा उठले, दारात जाऊन त्यांना नमस्कार केला, आणि गोळ्या असतील तर द्या, त्या वेळेवर घेतो, असं म्हणाले. तशा त्यांनी त्या घेतल्याही. आम्ही दोघं स्टँडकडे चालत निघालो. मामा मधूनमधून धाप लागून थांबत होते, आणि ते थांबले की मीही बाजूला उभा राहत होतो.