दुसऱ्या गिअरचा उतार

एलिएसेर बारांतेसला शेजारी बसवून गाडी चालवायला कुणी राजी नसे. कार्तागो शहरात त्याच्या गल्लीतले लोक म्हणत, “म्हातारा रस्ता बघत नाही, हुंगतो.” त्यात खोटं काही नव्हतं. उतार लागला की त्याच्या नाकपुड्या फुलायच्या, बोलणं बंद व्हायचं, आणि चालवणाऱ्याचा पाय आपोआप ब्रेककडे जायचा.

एकोणीस वर्षं त्याने कोबी-बटाट्याचा ट्रक मरणाच्या डोंगरावरून सान इसिद्रोला नेला होता. त्या डोंगराचं नावच तसं. वर हाडं गोठवणारी थंडी, खाली उकाडा, आणि मधे तासभर नुसता उतार. डिझेल वाचवायला कितीतरी ट्रकवाले उतारावर गाडी न्यूट्रलला सोडत, तोही सोडे. एका दुपारी ब्रेक तापून निकामी झाले. ट्रक इतका सुटला होता की गिअर परत पडेना. शेजारी बसलेला त्याचा दोस्त रिगो “गिअर टाक, अरे गिअर टाक” असं ओरडत होता, तेवढ्यात ट्रक दरीत गेला. रिगो जागीच गेला. एलिएसेरचा डावा पाय मांडीपासून कापावा लागला. ‘ब्रेक गेले,’ एवढंच त्याने रिगोच्या बायकोला सांगितलं. न्यूट्रलची गोष्ट त्याने कुणालाच सांगितली नाही.

क्लच दाबायला पाय उरला नाही, म्हणून पुढे त्याने जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. गिअरचा दांडा बाजूला सारला की M लागायचं, म्हणजे गिअर आपल्या हाती यायचे. मग पुढे ढकलून गिअर वाढवायचा, मागे ओढून कमी करायचा. लोकांना वाटे ही हौशी पोरांची चैन. एलिएसेरने मात्र एकदाही उतारावर गाडी D वर, म्हणजे तिच्या मर्जीवर, ठेवली नाही. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, लायसन्स गेलं, गाडीही विकावी लागली.

त्या फेब्रुवारीत त्याच्या भाचीला, योर्लेनीला, सान इसिद्रोच्या शाळेत नोकरी लागली. तिने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. गादी टपावर बांधली, मागे भांडी, पुस्तकांची खोकी, शिलाई मशीन कोंबलं, आणि उरलेल्या फटीत तिची आई नुबिया मांडीवर केळीच्या पानात उकडलेल्या तामालेसचं पातेलं घेऊन बसली.

“दादा, तू नाही आलास तरी चालेल,” नुबिया भावाला म्हणाली. “वाटभर मरणाच्याच गोष्टी सांगशील.”

“गप्प बसेन.”

“तेच तर वाईट!”

माथ्यावरच्या खाणावळीत तिघांनी गुळाचं गरम पाणी घेतलं. बाहेर आले तर धुकं उतरलं होतं, वीस पावलांपलीकडचं दिसेना. एलिएसेरने कुबड्या आत घेतल्या आणि दांड्याकडे बोट केलं.

“M ला घे. दुसरा टाक आणि तळापर्यंत काढू नकोस.”

“मामा, ही गाडी स्वतः विचार करते.”

“तिला पुढचं वळण दिसतंय का?”

“आणि तुम्हाला दिसतंय?” योर्लेनी हसली आणि D वरच निघाली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. प्रत्येक वळणाला योर्लेनी ब्रेक दाबे, वळण संपलं की सोडे, गाडी पुन्हा धावे. रस्त्याच्या कडेचे, अपघातात गेलेल्यांचे पांढरे क्रूस धुक्यातून एकेक पुढे येऊन मागे जात. एका क्रूसापाशी एलिएसेरने मान फिरवली. नुबियाने छातीवर क्रूस काढला, पण रिगोचं नाव घेतलं नाही.

मग तो वास आला. जळक्या केसांसारखा, तिखट.

“थांबव,” एलिएसेर म्हणाला.

“इथे कुठे? मागे ट्रक आहे.”

“थांबव म्हणतो ना!”

योर्लेनीने पाय दाबला आणि तिचा चेहरा पालटला. “मामा... पाय खालीच जातोय. खाली काहीच लागत नाहीये.”

काटा पंच्याऐंशीवर होता. मागे नुबियाची ‘हे मारिये’ प्रार्थना सुरू झाली. एलिएसेरने हात दांड्यावर टाकला, तो बाजूला सारला आणि मागे ओढला. चौथा पडला. पुन्हा ओढला, तिसरा. इंजिन घुमलं, गाडीला हिसका बसला. त्याने तिसऱ्यांदा ओढला. टिंग, टिंग. गाडीने नकार दिला. वेग जास्त होता. इंजिन जपायला ती खालचा गिअर घेत नव्हती.

गिअर न पडणारा दांडा एलिएसेरने आधी एकदा धरला होता.

“मामा!”

“समोर बघ. दोन्ही हात चाकावर. ब्रेकवर पाय पटापट मार, एकसारखा दाबून धरू नकोस.”

हँडब्रेक त्याने एकदम ओढला नाही. चाकं जाम झाली तर गाडी फिरली असती. थोडा ओढायचा, सोडायचा, पुन्हा थोडा. सत्तर. वळण अंगावर आलं, टायर किंचाळले, टपावरची गादी दोरातून सुटून दरीत गेली. साठ. त्याने दांडा ओढला.

दुसरा पडला.

इंजिन असं किंचाळलं की नुबिया ओरडली, “फुटेल, दादा, फुटेल!”

“ओरडू दे! इंजिन ओरडतंय तोवर आपण जिवंत आहोत.”

पुढच्या वळणापलीकडे फळवाल्याची बंद टपरी होती, समोर चिखलाचा चढ. योर्लेनीने गाडी त्यात घातली. गाडी थांबली, पण तिची बोटं चाकावरून सुटेनात. पुढच्या चाकांतून निळसर धूर निघत होता. नुबिया पाण्याची बाटली घेऊन धावली.

“पाणी नको! ब्रेकच्या तापलेल्या चकत्या तडकतील,” एलिएसेर ओरडला. “आपोआप निवू दे.”

तासभर ते तिथे बसले. तिथेच, भाचीकडे न बघता, त्याने न्यूट्रलची गोष्ट सांगितली. नुबिया म्हणाली, “रिगोची बायको अजून जिवंत आहे, दादा.”

“माहीत आहे.”

ब्रेक पुन्हा लागायला लागल्यावर उरलेला उतार योर्लेनीने दुसऱ्या गिअरवर, ताशी चाळीसच्या वेगाने काढला. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. तिने आरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी एलिएसेर रिगोच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राहिला. तिने ऐकून घेतलं, उंबऱ्याच्या आत टेकलेली त्याची कुबडी आपल्या हाताने बाहेर ठेवली आणि दार लावलं.

योर्लेनी महिन्यातून एकदा घरी येई. परतताना माथ्यावरून फोन करी, खाली पोचली की दुसरा. ऑक्टोबरातल्या एका दुपारी पहिला फोन आला आणि दीड तास झाला तरी दुसरा येईना. नुबियाने चुलीवरचा भात करपू दिला.

अखेर फोन वाजला. एलिएसेरने उचलला.

“मामा, मी बरी आहे. एक ट्रक मला ओलांडून गेला, त्याच्या चाकांचा वास आला, म्हणून मी कडेला थांबले. तो पुढच्या वळणावर दरीत गेला, मामा. खालून कुणीतरी हाका मारतंय.”

“किती जण आहेत?”

“धुक्यात दिसत नाही.”

“गाडीत दोर आहे?”

“आहे.”

“झाडाला बांध. एकटी उतरू नकोस, आधी मागची गाडी थांबव,” एलिएसेर म्हणाला. “आणि हाक मारत राहा. तिकडून आवाज येईनासा झाला तरी मारत राहा.”

त्याने फोन ठेवला नाही. पलीकडे पाऊस वाजत होता, आणि योर्लेनी धुक्यात ओरडत होती.