हजेरीपुस्तकातली पुतणी

पहिल्याच दारात मला विचारलं गेलं. म्हातारा खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत बसला होता. माझं पत्रक त्यानं घेतलं, न वाचता घडी घातली आणि म्हणाला, "पावणं, शाळा वाचवा म्हणतायसा, बरं हाय. आदी हे सांगा, तुमच्या घरातली पोरं कुठल्या शाळंत जात्यात?"

माझ्या घरात पोर एकच. दादाची मुलगी, सहा वर्षांची. आणि तिला शाळेत घालायचंच नाही, असं त्याच महिन्यात ठरत आलं होतं.

शहराच्या कडेला, उसाची रानं संपून प्लॉट पडायला लागतात तिथं, म्युनिसिपाल्टीची चार खोल्यांची मराठी शाळा आहे. पट घसरला होता. आणखी घसरला तर शाळा बंद करून मुलं लांबच्या शाळेला जोडणार, अशी बोलणी चालली होती. त्याविरुद्ध आम्ही पाचसहा पोरांनी समिती केली. पत्रकं मी लिहायचो. मी लिहायला शिकलो तेच पत्रकांवर: वर ठळक मथळा, मध्ये मागण्या, खाली जाहीर निषेध. माणसाशी बोलतानासुद्धा मला मथळे सुचायचे आणि मला ती ताकद वाटायची.

दादा-वहिनी त्या शाळेपासून दोन गल्ल्यांवर नव्या फ्लॅटमध्ये राहायचे. दादाची कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्टची नोकरी. वहिनी एका खासगी इंग्रजी शाळेत पाच वर्षं शिकवून, विटून, राजीनामा देऊन घरी बसलेली. मी आईवडिलांजवळ गावात. रविवारी सगळे दादाकडं जेवायला जमायचो आणि हात वाळेपर्यंत एकच विषय चालायचा.

वहिनी म्हणायची, "मी आत उभी राहून बघितलंय. वर्गभर पोरं आणि मी नुसती वह्यांवर सह्या करत होते. माझ्या पोरीला मी घरी शिकवते. मला शिकवता येतंय."

"शिकवशील गं," दादा म्हणायचा, "पण पुढं पाचवीला, आठवीला कुठं घालायची म्हटलं तर दाखला कोण देणार? आपल्यात दाखल्याबिगर माणूस जन्मलाय हेच कोण मानत न्हाय."

आईचं मधेच, "पोरगी बरणीत घालून मुरवणार हायसा काय?"

आणि जिच्याबद्दल हे चाललं होतं ती म्हणायची, "झोका असंल तर जाते." झोका नव्हता.

मी तीन रविवार बोललो. शिकलेल्या लोकांनी आपापली पोरं उचलून घरात नेली तर शाळेत कुणाची उरणार? ज्यांच्या घरात शिकवायला कुणी नाही त्यांची. आणि त्यांच्यासाठी भांडायला कोण येणार? हे मी आजही खरंच मानतो. शेवटी त्या दाढी करणाऱ्या म्हाताऱ्याचा प्रश्न सांगितला. म्हटलं, "दादा, मी कुठल्या तोंडानं लोकांच्या दारात उभा राहू?"

दादा वहिनीकडं बघत राहिला. वहिनी ताटं गोळा करत म्हणाली, "बरं. घालूया."

जिंकलो असं वाटलं मला. इतकी वाईट जीत मी पुन्हा पाहिली नाही.

जूनमध्ये शाळेचा पहिला दिवस मोठा झाला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फुगे, पुढं हलगी, ट्रॉलीत नवी पोरं. नव्या मुलांची पावलं रंगात बुडवून कागदावर उठवायची पद्धत आहे. पुतणीनं दोन ठसे कागदावर दिले आणि तिसरा माझ्या पँटीवर. तो कागद हातात धरून हसणारा तिचा फोटो मी पुढच्या पत्रकावर छापला. वर मथळा: आमची लेक याच शाळेत. तुमची?

त्या फोटोनं जे केलं ते माझ्या आधीच्या सगळ्या मागण्यांनी केलं नव्हतं. मेसला चपात्या लाटून देणारी एक बाई होती, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. तिची मुलगी इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीतून जायची. पिठाच्या हातानं तिनं पत्रक धरलं.

"ही तुमची पुतनी व्हय? त्या मास्तरीन बाईची पोरगी?"

"व्हय, अक्का."

"मंग आमची बी बसू दे की तिच्याशेजारी. शिकल्याली आई जिथं पोर घालती तिथं काय वंगाळ नसंल."

नवऱ्याशी आठ दिवस भांडून तिनं मुलगी इंग्रजी शाळेतनं काढली. तिच्या मागनं आणखी दोन घरं आली. पट टिकला, शाळा वाचली. आम्ही पेढे वाटले. मुख्याध्यापिका बाईंनी मला शाल घातली. मी घेतली.

ऑगस्टात दादाला रजा मिळाली म्हणून सोमवार-मंगळवार सगळे पन्हाळ्याला गेलो. भाजलेलं कणीस पुतणीला सोलून देताना मी सहज वहिनीला विचारलं, "शाळेत कळवलंय न्हवं?"

"कळवलंय," ती म्हणाली आणि धुक्यात बघत राहिली.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी पालकसभेची पत्रकं द्यायला मी न कळवता शाळेत गेलो. अकराचा सुमार. पहिलीच्या वर्गात चार मुलं. अक्काची मुलगी दुसऱ्या बाकावर एकटी, शेजारच्या जागेवर दप्तर ठेवलेलं.

"आमची कुठं गेली गं?" मी विचारलं.

"ती येत न्हाय."

"आज आली न्हाय?"

"येतच न्हाय. फोटूच्या दिवशी आलती म्हनं."

वर्गाच्या बाई घाईनं बाहेर गेल्या. हजेरीपुस्तक टेबलावर होतं. मी उघडलं. पुतणीच्या नावापुढं रोज ह. हजर, हजर, हजर. पन्हाळ्याच्या सोमवारी हजर, मंगळवारीही हजर. मी हातानं कणीस सोलून देत होतो तेव्हा माझी पुतणी इथं बाकावर बसून पाढे म्हणत होती, असा सरकारी कागद होता.

मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात बसवलं, चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"तुमच्या भावानंच विचारलं," त्या म्हणाल्या. "नाव राहू द्या, मुलगी परीक्षेला येईल. मी आधी नाही म्हटलं. मग पट मोजला."

"आणि बाकीची? वर्गात चारच मुलं आहेत."

"आणखी चार आहेत. दोघं दुसरीकडं क्लासला जातात, दोघी आजोळी."

"ही फसवणूक आहे, बाई."

"आहे," त्या सरळ म्हणाल्या. "पण तुम्ही मे महिन्यात मला रोज फोन करत होतात. पट किती झाला? पट किती झाला? वर्गात किती मुलं बसतात, हे एकदा तरी विचारलंत?"

मी उठलो आणि चालत दादाच्या घरी गेलो. तो रात्रपाळी करून आलेला, दार त्यानंच उघडलं. आत पुतणी फरशीवर पालथी पडून वाचत होती. समोर माझंच जुनं पत्रक, बोट न लावता वाचत होती. "काका, निषेध म्हणजे काय?"

"तू आत जा," वहिनी तिला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "कळलं वाटतं."

"वहिनी, तुम्ही हो म्हणालात."

"हो म्हटल्याशिवाय तुम्ही ताटावरनं उठू देत नव्हता. तीन रविवार तुम्ही बोललात, भाऊजी. मी किती बोलले, सांगा बघू."

"पण मग तोंडावर नाही म्हणायचं!"

"पहिल्या रविवारी म्हटलंच होतं की. तुम्हाला पोरगी कुठं पाहिजे होती? फोटो पाहिजे होता. तो दिला."

दादा डोळे चोळत म्हणाला, "एवढं काय पेटलायस? तुझी शाळा ऱ्हायली. आमच्या पोरीला दाखला मिळंल. ती घरात शिकतीया, बघितलंस न्हवं वाचताना? कुणाचं काय गेलं सांग."

"अक्काच्या पोरीचं गेलं."

"कोण अक्का?"

मी तसाच बाहेर पडलो. नाही म्हटलेलं मला चालतं, मी त्याच्याशी भांडतो, भांडण हे माझं कामच आहे. पण घरच्या माणसांनी 'हो' म्हणून गुपचूप केलेलं 'नाही' कुठं धरायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. सख्ख्या भावानं माझ्या तोंडानं गावाला खोटं सांगितलं होतं, आणि ते मी रंगीत छापून दारोदार वाटलं होतं.

घरी येऊन शिक्षण खात्याला तक्रार लिहायला बसलो. मथळा लगेच सुचला. पुढं पेन हलेना. तक्रार गेली की पाच नावं उडणार, शाळा बंद होणार आणि लांबच्या शाळेत पायपीट करणार ती पहिलीतली चार आणि वरच्या वर्गांतली मुलं, जी रोज येत होती. दादाच्या मुलीचं काहीच बिघडणार नव्हतं. तक्रार मी केली नाही. हे लपवत नाही.

निदान अक्काला तरी आपल्या तोंडानं सांगावं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याकडं गेलो. ती लाटत होती, तिची जाऊ भाजत होती. मी सगळं सांगितलं. लाटणं थांबलं नाही.

"म्हाईत हाय की," अक्का म्हणाली. "पोरगी पहिल्याच दिवशी म्हनाली, शेजारची आली न्हाय. रोज जागा धरून बसती खुळी."

"मग मला का न्हाय सांगितलंसा?"

"तुमास्नी?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तुमच्या घरची पोरगी. तुमास्नी ठावं नसंल आसं कोन म्हनंल? मला वाटलं, पत्रकात तसंच लिवायचं आसतंय."

तव्याजवळची जाऊ फिस्सकन हसली.

"अक्का, आईची आन, मला माहीत नव्हतं."

"आसंल. आता हे आमच्या मालकास्नी पटवून दावा." तिनं चपाती जावेकडं टाकली. "ऱ्हाऊ दे. त्या इंग्रजी शाळंत इचारून आले, दिवाळीनंतर परत घेतो म्हनल्यात. दाखला काढायला अर्ज लागतोय. तुमास्नी लिवाय येतंय, तेवडा लिवून द्या."

मुलीच्या वहीतलं पान तिनं फाडून दिलं. मी फरशीवर बसून लिहिलं. कारण म्हणून खरं तेच लिहिलं: हजेरीपुस्तकात हजर दाखवलेली मुले प्रत्यक्ष वर्गात येत नसल्यामुळे. वाचून दाखवलं.

"हे खोडा," अक्का म्हणाली.

"खरं हाय की, अक्का."

"खरं हाय, पन माज्या पोरीच्या कागदावर कशापायी? नवी शाळा म्हनंल ही बाई तक्रारखोर हाय. आनि हे वर गेलं तर वर्गात ऱ्हायल्याल्या त्या तीन पोरांनी कुटं जायाचं? दुसरं पान घ्या."

मी दुसरं पान घेतलं. घरगुती अडचणीमुळे मुलीचे नाव कमी करून दाखला मिळावा, ही नम्र विनंती. अक्कानं हात पुसला आणि एकेक अक्षर दाबत सही केली.

"तारीख घाला," ती म्हणाली, "आनि उद्या तुमीच निऊन द्या बाईंस्नी. मला येळ न्हाय."