पॅलेटचं सिंहासन

साताऱ्यात आमच्या गल्लीतला सुतार कारखान्यांनी टाकलेली, माल ठेवायची लाकडी पॅलेटं उचकटताना प्रत्येक फळीला विचारायचा, "कुठनं आलीस गं बया?" बायकोचे गुडघे धरले, तेव्हा त्यानं त्याच फळ्यांचं तिच्यासाठी परीकथेतल्या राणीचं सिंहासन केलं. खुर्चीच्या हातांवर पंख पसरलेले ड्रॅगन! पण अंगणात थोरले दीर असताना ती खुर्चीवर कशी बसणार? पदर सावरत पायरीवरच टेकायची.

"बस की गं," तो म्हणायचा. थोरल्या भावाला "जरा आत जा" म्हणायला मात्र त्याची जीभ रेटली नाही. मला रागच यायचा.

गेल्या वर्षी ती वारली. थोरले आता अंगणात येत नाहीत. परवा मी सहज सिंहासनाकडे वळलो, तसा तो घाईनं आडवा आला.

"आवं, तिथं नगं. तिचं बसायचं ऱ्हायलंय."